जुना डेस्कटॉप वाढवावा की नवीन जुळवावा? (सोलापूर, बजेट ४५ हजार)

पूर्वभागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पूर्व भागात आमचा टॉवेल-चादरींचा छोटा कारखाना आहे. ऑफिसात एकच डेस्कटॉप, २०१७ साली जुळवून घेतलेला. जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) डिझाइनं, टॅली, जीएसटीची रिटर्न, बँक, व्यापाऱ्यांना पाठवायचे कॅटलॉग, सगळं त्याच्यावरच. संध्याकाळी मुलगा त्यावर कॉलेजचं प्रोग्रामिंग करतो.

आतलं सामान असं: इंटेल आय५-७४००, एच११० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅम (एकच स्टिक), १ टीबी हार्ड डिस्क, जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा). विंडोज १० आहे, ११ चढत नाही म्हणतो.

सकाळी चालू केल्यावर बराच वेळ नुसता घरघरतो. फोटोशॉपमध्ये कॅटलॉग उघडला की टॅली अडकते. एप्रिल-मे मध्ये दुपारी आपोआप बंद पडतो. नवी पेठेत दाखवला तर दुकानदार म्हणाले, सगळंच बदला, यात काही राहिलं नाही. मॉनिटर आणि यूपीएस आहेत, ते धरायचे नाहीत. ४५ हजारांच्या आत काय करावं? माहितगारांनी सांगा.

सात_रस्ता

दुकानदार बरोबर बोलले. सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, ती यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँक आणि जीएसटीचं काम त्यावर ठेवू नका. आय५-१२४००, १६ जीबी, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) घ्या आणि मोकळे व्हा.

चिपसेट

सात_रस्ता यांचा विंडोजचा मुद्दा पटतो, पण "सगळंच बदला" हे मशीन उघडून न बघता सांगितलेलं उत्तर आहे. पूर्वभागकर, पैसे काढण्याआधी एवढं करा. मशीन अडकलेलं असतानाच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के बघा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून हार्ड डिस्कची तब्येत बघा, एचडब्ल्यूइन्फो टाकून प्रोसेसरचं तापमान बघा. शेवटी मशीन बंद करून, वायर काढून, बाजूचं झाकण उघडा. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते इथे टाका.

हे आकडे आले की कुठला भाग अडवतोय ते आपोआप दिसेल. तोवर कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी तो अंदाजच.

पूर्वभागकर

धन्यवाद ताई. मुलाकडून करून घेतलं. अडकलेलं असताना डिस्क १००%, मेमरी ९४%, प्रोसेसर मात्र ३० च्या आतबाहेर. हार्ड डिस्कच्या तब्येतीपुढे पिवळ्यात "कॉशन" येतंय. तापमान फोटोशॉप चालू असताना ९० च्या वर जातंय. लेबलवर वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट आणि १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर. झाकण उघडल्यावर प्रोसेसरच्या पंख्याखाली सुताची लव गच्च बसलेली दिसली, चादरीच्या घडीसारखी.

चिपसेट

मग ऐका. तुमचा प्रोसेसर थकलेला नाही. तो ३० टक्क्यांवर बसून डिस्ककडून माहिती येण्याची वाट बघतोय.

साधी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला १००-१५० एमबी देते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इथून-तिथून वाचाव्या लागतात. तिथे तिचा वेग पार कोसळतो, कारण प्रत्येक फाइलसाठी आतला हात सरकवावा लागतो. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, त्यात सरकणारं काही नाही. साधा २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच वायरीवर चालणारा) एसएसडीसुद्धा ५०० एमबीच्या पुढे वाचतो आणि बारक्या फाइलींत तर तुलनाच नाही. एनव्हीएमईचे ३५०० वगैरे आकडे मोठे दिसतात, पण टॅली आणि फोटोशॉप उघडताना साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक फारसा हाताला लागत नाही. शिवाय एच११० च्या बऱ्याच बोर्डांवर एनव्हीएमई बसवायची एम.२ खाचच नसते, आणि असली तरी चिपसेटच्या लेन (माहितीच्या वाटा) जुन्या पीसीआयई २.० च्या, म्हणजे वेग तिथेच अडतो. तुमच्यासाठी साटा एसएसडी हेच उत्तर. आणि हार्ड डिस्क "कॉशन" दाखवतेय तर हा विषय या आठवड्याचा आहे. कॉशन म्हणजे खराब झालेले सेक्टर सापडायला लागलेत. आधी डिझाइनं आणि टॅलीचा डेटा बाहेर काढा, बाकी चर्चा नंतर.

दुसरं मेमरी. ९४% भरलेली मेमरी म्हणजे विंडोज उरलेलं सामान डिस्कवर ठेवतंय, आणि तीच डिस्क आधीच १००% वर. दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात. ३०० डीपीआयचं ए४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, साधारण ८७ लाख. एका पिक्सेलला ३ बाइट धरले तर एका थराचे २६ एमबी. वीस भरलेले थर असलेलं पान मेमरीत ५०० एमबीच्या पुढे जातं, आणि फोटोशॉप मागच्या पायऱ्याही लक्षात ठेवतं. ८ जीबीत विंडोज, ब्राउझर, टॅली आणि हे सगळं मावत नाही. १६ हवेतच.

रॅम घेताना झाकण उघडून खात्री करा की तुमची खरंच डीडीआर४ आहे, कारण एच११० चे काही बोर्ड डीडीआर३ चेही आले होते. डीडीआर४ असेल तर ३२०० वेगाची ८ जीबीची स्टिक घेतलीत तरी चालेल. जुन्या बोर्डात ती २४०० किंवा २१३३ वर धावेल, पण उद्या बोर्ड बदललात तर सोबत नेता येईल. दोन खाचांत दोन सारख्या मापाच्या स्टिक बसल्या की दोन्ही वाटांनी माहिती जाते, त्याचाही फायदा मिळतो.

विजापूर_रोड_वायरमन

ताईंनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. माझं रोजचं काम कारखान्यांच्या वायरिंगचं आहे.

एसएमपीएसवर ४५० लिहिलंय, पण १२ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर म्हणजे १६८ वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात, त्यामुळे खरी ताकद तेवढीच समजा. ४५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे ३५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. दुकानात डब्यावरचा मोठा आकडा वाचूच नका, लेबल वाचा. दुसरं, इनपुट काय लिहिलंय ते बघा. १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर माग एकदम सुरू झाल्यावर व्होल्टेज खाली बसलं तरी तो सांभाळतो. आपल्या बाजारात २००-२४० चेही चांगल्या नावाचे एसएमपीएस येतात, त्यांना दबलेली वीज कमी मानवते. कारखान्याच्या आवारात ऑफिस असेल तर पहिलाच घ्या.

आता अर्थिंग. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दहा-पंधरा दाखवत असेल तर नवीन बोर्ड, नवीन प्रोसेसर काहीही बसवा, ते सुखाने जगणार नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मोजायचीही वाट बघू नका. मागांच्या लाइनवरून कॉम्प्युटरला वीज देऊ नका, मीटरपासून वेगळी वायर ओढा. हा खर्च कुणी कोटेशनमध्ये लिहीत नाही, पण आपल्याकडे पहिला खर्च हाच असायला पाहिजे.

चिपसेट

वायरमन दादा, +१. अर्थिंगचं दुकानात कुणी विचारतही नाही, हे फार खरं.

बंद पडण्याचंही बघू. आय५-७४०० हा ६५ वॅटचा, जीटी ७१० वीसच्या आत, डिस्क-पंखे धरून शंभराच्या थोडं वर. म्हणजे हा कमजोर एसएमपीएसही आजचा भार उचलतो. बंद पडण्यामागे उष्णताच जास्त संशयास्पद आहे. हा प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेला की आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही की स्वतःला वाचवायला मशीन बंद होतं. हिवाळ्यात खोली २८ ला असते, मे मध्ये आपल्याकडे बाहेर ४२-४३. खोली दहा अंशांनी तापली की आतलं तापमानही जवळपास तेवढंच चढतं. वर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर लव बसलेली. त्या मशीनला श्वासच घेता येत नाही.

साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा, नाहीतर तो वाटेल त्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. लव पंख्यावर कमी आणि पंख्याखालच्या पात्यांत जास्त असते, म्हणून पंखा सोडवून साफ करा. हीटसिंक काढलाच तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी पुरते. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर घ्या आणि पुढच्या जाळीला आतून पातळ फोम लावा. कारखान्याच्या ऑफिसात तो फोम महिन्याला धुवावा लागेल.

केगाव_होस्टेल

काय की हो, सगळे जुन्यालाच धरून बसलेत. मुलगा प्रोग्रामिंग करतोय म्हणजे उद्या मशीन लर्निंग करणारच. आरटीएक्स ३०६० घाला की, १२ जीबीचं. आमच्या होस्टेलवर लई जण तेच घेतात.

चिपसेट

कार्ड चांगलं आहे, मशीन लर्निंगला १२ जीबी व्हिडिओ मेमरीचा उपयोगही होतो. पण ते १७० वॅटचं कार्ड आहे. वर मोजलेल्या १६८ वॅटच्या एसएमपीएसवर ते लावायचं नाही, कुणी फुकट दिलं तरी. पूर्वभागकरांनी विचारलेल्या कामांत तर कार्डाचा भाग फारच थोडा आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं प्रोग्रामिंग कुठल्याही धड प्रोसेसरवर होतं, आणि जड मॉडेल शिकायचं असेल तेव्हा गूगल कोलॅबवर फुकटातही बरंच करता येतं. गरज पडली की तेव्हा घ्या. कार्ड हा भाग नंतर सहज लावता येतो, फक्त एसएमपीएस आणि कॅबिनेट आधीच तेवढं मोठं असावं लागतं.

जीटी ७१० बद्दल: हे एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर पिढीचं कार्ड. त्या पिढीला २०२१ नंतर नवे गेम ड्रायव्हर येणं थांबलं. मॉनिटरची वायर बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयला लावून बघा. चालत असेल तर ते कार्ड काढूनच ठेवा. तेवढी उष्णता आणि वीज वाचली.

टॉवेल_डिझाइन

पूर्वभागकर, तुम्ही सॉफ्टवेअर कुठलं वापरता ते लिहिलं नाही, पण जॅकार्डच्या सॉफ्टवेअरला बहुतेक ठिकाणी यूएसबीचं डोंगल (सॉफ्टवेअर उघडायची किल्ली) असतं. नवीन मशीन आणि विंडोज ११ घेण्याआधी त्या डोंगलचा ड्रायव्हर ११ वर चालतो का ते विक्रेत्याला लेखी विचारा. मी बरेच कारखाने बघतो. नवीन कॉम्प्युटर आला आणि डिझाइनचं सॉफ्टवेअरच उघडेना, असं झाल्यावर माग थांबतात. नवीन आवृत्तीचे पैसे कॉम्प्युटरपेक्षा जास्त सांगतात.

आणि डिझाइनला भारी मशीन लागतं हा मोठा गैरसमज आहे. २६८८ हुकांच्या (उभे धागे उचलणाऱ्या आकड्यांच्या) जॅकार्डसाठी डिझाइन २६८८ पिक्सेल रुंद. उंची म्हणजे पिकं (आडवे धागे), समजा ४०००. एकूण एक कोटी सात लाख पिक्सेल, आणि रंग मोजकेच असल्याने एका पिक्सेलला एक बाइट. सगळी फाइल मेमरीत ११ एमबीच्या आत. तुमच्या जुन्या आय५ ला हे डोळे मिटून जमतं. जड आहे तो कॅटलॉग, डिझाइन नव्हे.

पूर्वभागकर

हे कुणीच सांगितलं नव्हतं! डोंगल आहे आमच्याकडे. विक्रेत्याला फोन केला, ते म्हणाले आमची आवृत्ती १० पर्यंतच. म्हणजे नवीन मशीन घेऊनही जुनं ठेवावंच लागणार का?

चिपसेट

होय, आणि मला तर तेच बरं वाटतं. टॉवेल_डिझाइन यांच्या मुद्द्याने सगळा हिशोबच बदलला. तुम्ही एका मशीनवर दोन वेगळ्या स्वभावाची कामं लादली आहेत. डिझाइनला इंटरनेट लागत नाही, जुनी विंडोज लागते. बँक, जीएसटी, मेल यांना इंटरनेट लागतं आणि अपडेट मिळणारी विंडोज लागते. ही कामं वेगळी करा.

जुन्या मशीनला ५०० जीबी साटा एसएसडी आणि नवा एसएमपीएस घाला, साफ करा, इंटरनेटची वायर काढा. ते फक्त डिझाइनचं मशीन. मागाच्या कंट्रोलरला पेनड्राइव्हनेच फाइल जात असेल, तर तो पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर स्कॅन करूनच लावत जा. टॅली आणि कॅटलॉग इथून गेले की ८ जीबीतही भागेल, रॅमचे पैसे वाचतील.

दुसरं मशीन दोन प्रकारे होऊ शकतं. नवीन जुळवायचं तर आय५-१२४००, एफ नसलेला, कारण एफमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं आणि मग कार्ड विकत घ्यावं लागतं. एच६१० बोर्ड डीडीआर४ चाही मिळतो आणि डीडीआर५ चाही, मागताना स्पष्ट सांगा. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही इंटेल प्रोसेसरमध्ये २०२४ मध्ये अस्थिरतेचा जो घोळ निघाला, त्यात १२ वी पिढी नव्हती. एएमडीकडे जायचं तर रायझन ५ ५६००जी, तोही डीडीआर४ वर. त्यांच्या नव्या एएम५ सॉकेटवर गेलात तर पुढच्या प्रोसेसरची वाट उघडी राहते, एएमडीने २०२७ आणि पुढेही ते सॉकेट चालवू असं सांगितलंय, पण तिथे फक्त डीडीआर५ लागते.

आणि इथेच रॅमचा भाव आडवा येतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅम प्रचंड महागली, कारण कारखान्यांनी आपलं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवलं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी रॅम आणि एसएसडी आतच असलेला, ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप सरस ठरतो. आय५-८५०० वाला, १६ जीबी. सहा कोअर, आठवी पिढी, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. तुमच्या टॅली, बँक, कॅटलॉग आणि मुलाच्या प्रोग्रामिंगला तो पुरून उरेल.

त्याची उणी बाजूही सांगते. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस मशीनमध्ये एसएमपीएस आणि बोर्डाचे कनेक्टर बऱ्याचदा त्यांचेच वेगळे असतात, बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. म्हणून पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड लावायचा विचार पक्का असेल तर हा रस्ता घेऊ नका.

सात_रस्ता

डोंगलचं कळल्यावर माझं मत बदललं. दोन मशीनच बरोबर. फक्त एक जोडतो: नवीन बोर्ड-प्रोसेसर घ्यायचे झाले तर दोन्ही एकाच दुकानातून, समोर बसवून घ्या. इंटेलच्या बोर्डावरच्या सॉकेटच्या पिना केसासारख्या नाजूक असतात. कुरिअरने बोर्ड आला आणि पिन वाकलेली निघाली, तर ती आधीच होती हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं. ऑनलाइन दोन-चार टक्के वाचतील, पण वॉरंटीसाठी मग पुण्याला पार्सल पाठवत बसावं लागतं. आणि जीएसटी नंबर घालून पक्कं बिल घ्या. १८ टक्के टॅक्सचं क्रेडिट कारखान्याला मिळतं, ते कशाला सोडायचं?

पूर्वभागकर

ठरलं मग. डेटा कालच दोन जागी उतरवून घेतला. जुन्याला एसएसडी आणि एसएमपीएस, दुसरं रिफर्बिश्ड. उरतील त्या पैशांत वेगळी वायर आणि अर्थिंग. वायरमन दादा, यूपीएस ६०० व्हीएचा आहे, दोन मशीनना पुरेल का?

विजापूर_रोड_वायरमन

६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. मॉनिटरसकट दोन्ही मशीन चालतील, पण वीज गेल्यावर फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरतीच. प्रिंटर त्यावर अजिबात लावू नका, लेझर असेल तर मुळीच नाही. बॅटरी किती जुनी आहे? दोन-तीन वर्षं झाली असतील तर आताच बदला, आपल्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर बसते.

केगाव_होस्टेल

ताई, मी पण रिफर्बिश्ड बघलालो. घेताना दुकानात काय काय तपासायचं? आमच्यातल्या एकाला आय५ म्हणून दिला आणि आत सहाव्या पिढीचा निघाला.

चिपसेट

"आय५" एवढंच ऐकून कधी घेऊ नका. पूर्ण नंबर हवा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरवर क्लिक केलं की वर पूर्ण नाव येतं. ८५०० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, ६५०० असेल तर सहावी. विंडोज-आर दाबून टीपीएम.एमएससी टाइप करा, टीपीएमची (विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षा चिपची) आवृत्ती २.० दिसली पाहिजे. बंद असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या, बोर्डाच्या सेटिंगमध्ये) चालू करता येते. पण बायोसला जुन्या ऑफिसचा पासवर्ड असेल तर तिथे शिरताच येत नाही, म्हणून दुकानातच बायोस उघडून बघा. विंडोज सेटिंगमध्ये जाऊन ॲक्टिव्ह आहे का तेही तिथेच पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फोत एसएसडीची तब्येत किती टक्के आणि किती तास चाललाय ते येतं.

रॅम कुठली बसते तेही बघ. छोट्या पुस्तकाएवढ्या डब्यात लॅपटॉपची रॅम लागते, उभ्या टॉवरमध्ये नेहमीची. टॉवर मिळत असेल तर तोच घे. घरी आणल्यावर एक रात्र मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालू ठेव, आणि बदलून मिळण्याची मुदत किती दिवस आहे ते बिलावर आधीच लिहून घे. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर घाबरू नको, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलायचा.